आत्याची न वाकणारी मान

मांडवात ढोल कडाडले आणि नाब्वेतेमे आत्याला धीर धरवेना. आज तिच्या भाचीच्या मागणीचा सोहळा! पाहुण्यांत लपवलेला नवरामुलगा मुलीच्या आत्यानेच हुडकायचा आणि त्याच्या छातीवर फूल लावायचं. या दिवसाची ती जन्मभर वाट पाहत होती.

संधिवाताने आधी तिची बोटं वाकडी केली होती. पुढे हातांना मुंग्या येऊ लागल्या, कप सुटून पडू लागले, तरी ती म्हणायची, बोटांचंच दुखणं आहे. मसाका शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मानेचा एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की वरचा मणका घसरून आतली नस दाबतोय.

"औषधाने सूज उतरेल, पण मणका जागेवर येणार नाही. स्क्रू घालून तो पक्का करावा लागेल. मग मान वळणार नाही, वाकणार नाही. आणि पडायचं तर मुळीच नाही!"

"अहो, मग मी जावई कसा शोधू?"

डॉक्टरीणबाई हसल्या. आत्याला मात्र रडू फुटलं. शेवटी होणाऱ्या जावयानेच, लुबोवाने, तिची समजूत काढली आणि गाडीत वाटभर तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून तिला इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं आणि मान कायमची ताठ झाली.

आता मांडवात एकसारख्या पांढऱ्या कांझूतले, पायघोळ झग्यातले, सगळे पुरुष माना खाली घालून बसले होते. मुद्दाम! आत्या अख्खी वळली की ढोलवाला एक दणका देई आणि मांडव खदखदून हसे.

"आत्याबाई, काही हरवलं का?" वरपक्षाच्या काटेन्डेने डिवचलं.

"हरवलं नाही, तुम्ही चोरलंय! वर बघा की, लबाडांनो!"

"आमची पोरं लाजाळू आहेत हो! नाही जमत तर दुसरी आत्या बोलवा."

आत्याचं डोकंच फिरलं. दुसरी आत्या? रीतीप्रमाणे पुरुषांना नमस्कार करायला ती गुडघे टेकू लागली आणि टेकता टेकता तिचा तोल गेला. खरा की खोटा, ते तिचं तिलाच ठाऊक.

"आत्या, मान!"

मागच्या रांगेतून लुबोवा उडी मारून आला. त्याचे दोन्ही तळवे थेट तिच्या डोक्याला.

"सापडला चोर!" आत्या ओरडली. मांडव दणाणला. काटेन्डेने कपाळावर हात मारला.

पण गुडघ्यांवर बसलेल्या आत्याची नजर लुबोवाच्या पोटापर्यंतच पोचत होती. मान वर होईना. फूल धरलेला हात चाचपडू लागला.

लुबोवाने ते पाहिलं आणि सगळ्यांदेखत तिच्यापुढे गुडघे टेकले.

ढोल थांबले. इथे बायका पुरुषांपुढे गुडघे टेकतात. पुरुषाने बाईपुढे टेकलेले कुणी पाहिले नव्हते. काटेन्डेचा आ वासलेलाच राहिला.

दोघांचे चेहरे समोरासमोर आले. वाकड्या बोटांनी आत्याने फूल टोचलं. तिचे डोळे वाहत होते.

"थांबलात कशाला मेल्यांनो?" ती ओरडली. "वाजवा की! माझा जावई आलाय!"