ताटलीवरचा एच

वाचनात मी आमच्या धर्मादाय शाळेत पहिली आले, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. त्या आठवड्यात मी दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटले होते. दुकानांच्या पाट्या, थडग्यांवरची नावं, धक्क्याला लागलेल्या गलबतांवरचीसुद्धा.

आमच्या घरात चुलीच्या वर एक निळी-पांढरी ताटली टांगलेली होती. ब्रिस्टलमध्ये लग्नाच्या ताटलीवर वर आडनावाचं अक्षर असतं, खाली नवऱ्याचं आणि त्याशेजारी बायकोचं. आमच्या ताटलीवर वर टी, म्हणजे टोवी. खाली आर, म्हणजे माझे बाबा रूबेन. आणि एच म्हणजे हेस्टर, माझी आई. बाबा कामाला होते त्याच कारखान्यात आई भांडी रंगवायची, ही ताटलीही तिनंच रंगवलेली. कच्च्या पांढऱ्या लेपावर कुंचला टेकला की रंग आत शोषला जातो, पुसायची सोय नाही. तिचा एच जरा कलला, तो तसाच भट्टीतून बाहेर आला.

आईला जाऊन दोन हिवाळे झाले होते. यंदा सुगीनंतर बाबांनी दुसरं लग्न केलं. नव्या बायकोचं नाव हॅना.

म्हणजे पुन्हा एच!

"नवी ताटली नाही करायची?" मी बाबांना विचारलं होतं.

"अक्षर तेच आहे की," ते म्हणाले, आणि विषय संपला.

हॅना रोज ती ताटली ओल्या फडक्यानं पुसायची. मला बघवत नसे. ही माझ्या आईची आहे, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं, आणि बाबा तर म्हणत नव्हते.

गुरुवारी शेजारच्या पॉब्जॉयबाई पावाचं खमीर मागायला आल्या. हॅनानं एचवर बोट ठेवलं. "हे माझं अक्षर. ही ताटली यांनी माझ्यासाठी खास करवून घेतली. मला वाचता येत नाही हो, पण एवढं एक ओळखते."

"नशीबवान आहेस बाई! आमच्या ह्यांनी मला कधी फुटका वाडगा आणला नाही."

मी शिवण टाकून उठले. "त्याच्या खाली काय लिहिलंय, सांगू?"

"ती नक्षी ना?" हॅना म्हणाली.

"नक्षी कसली! साल आहे. सतराशे एकोणसाठ. सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा तुम्ही कुणाची बायको होता?"

पॉब्जॉयबाई फिस्सकन हसल्या. मग हॅनाकडे बघून त्यांचं हसू जिरलं आणि त्या खमीर न घेताच गेल्या. हॅना फडक्याची घडी घालत राहिली. घातली, मोडली, पुन्हा घातली.

मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. वाटलंही, जिना चढून वर जाईपर्यंत.

संध्याकाळी बाबांच्या पुढ्यात मटणाचा रस्सा ठेवत हॅना म्हणाली, "माझ्यासाठी केली म्हणाला होतात."

"करणारच होतो. पण मालकांनी रंगवणाऱ्या बायकांना काढून टाकलंय. आता लोकांना ती पिवळसर, पातळ भांडी हवीत. आमची टवके उडणारी कोण घेतंय?"

"मग तसं सांगायचं."

"तू अक्षर ओळखलंस आणि इतकी खूश झालीस..." बाबांनी पाव मोडला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "केझी, छान वाचतेस. पण इतक्या मोठ्यानं वाचायला हवं होतं का?"

प्रश्न सोपा होता. मी पावाचा तुकडा कुस्करत बसले. आणि मी म्हणे पहिली आलेली.

सकाळी माझ्या पेटीवर शालीत गुंडाळलेली ताटली होती. मी ती उचलून तशीच खाली धावले. हॅना पावाचं पीठ मळत होती.

"परत टांगू का?"

"कशाला? तुझ्या आईची आहे ना? ठेव तुझ्यापाशी."

"मग मी तुम्हाला अक्षरं शिकवते. सगळी! महिन्याभरात येतील. मी खरंच चांगलं शिकवते."

"नको गं पोरी. एकच येत होतं, तेही दुसरीचं निघालं."

मळायच्या फळीवर भुरभुरलेल्या पिठात मी बोटानं एच काढायला गेले. पहिली रेघ झाली होती. तिनं पिठाचा गोळा उचलून नेमका तिथेच आपटला आणि मळायला लागली.