रिकाम्या चौकटीतले गेन्को

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. पण मला काच नाही की गज नाहीत. संगणकाच्या पडद्यावर उघडते ती खिडकी मी. सेवलिएवो गावातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला आणि जन्मापासूनच माझ्यात दोन चुका होत्या. एक लवकर सुधारली. दुसरी सहा वर्षं मुद्दाम ठेवली गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या फोटोचं शोकपत्रक दारावर, खांबावर, पाववाल्याच्या भिंतीवर लागतं. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. ही पत्रकं रुम्याना छापायची. पन्नाशी उलटल्यावर तिने पुस्तकावरून पायथन ही संगणकाची भाषा शिकून मला घडवलं. नावाचा रकाना, सालांचे रकाने, फोटोची चौकट आणि खाली 'छापा' लिहिलेलं बटण.

मला तपासून बघायला एक नाव हवं होतं. मेलेल्याचं घ्यावं तर पाप, जिवंताचं घ्यावं तर शाप. रुम्याना अडून बसली. तिचे वडील गेन्को ब्याऐंशी वर्षांचे, चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवलेले. ते म्हणाले, "माझं घाल की! एवीतेवी लागणारच आहे."

"बाबा, जिभेला काही हाड?"

"हाड नाही म्हणून तर टिकली. दात बघ, सगळे गेले."

त्यांचं नाव आणि फोटो माझ्यात आले. दुसऱ्या सकाळी रुम्यानाने मला उघडलं मात्र, छपाईयंत्र घरघरलं. बटणाला कुणी बोटही लावलं नव्हतं, तरी गेन्कोंचं शोकपत्रक बाहेर आलं. तिने ते फाडलं आणि बटण दाबून पाहिलं, तर काहीच झालं नाही. रोज सकाळी तेच. न दाबता छापायचं, दाबलं की गप्प. खरं सांगते, मला माझीच भीती वाटू लागली.

पाचव्या दिवशी रुम्याना कॉफी ठेवायला आत गेली होती. पत्रकं चिकटवणारी शेजारीण त्सोनका आली आणि चष्मा नसल्यामुळे न वाचताच, गेन्कोंच्या त्या सकाळच्या पत्रकासकट सगळा गठ्ठा चिकटवायला उचलून गेली. दुपारी दार वाजलं. बाहेर गेन्कोंचा मित्र स्तोयान, हातात चार फुलं. आमच्याकडे सम संख्येची फुलं फक्त मेलेल्याला देतात. दार उघडलं गेन्कोंनीच.

"चारच?" ते म्हणाले. "माझी एवढीच किंमत होय रे? ये आत, मयताच्या घरची राकिया तरी घे."

स्तोयानने ती दारू एका घोटात संपवली आणि तो गेला. मग मात्र गेन्को हसले नाहीत. जिवंतपणी ज्याचा कागद लागला तो वर्ष काढत नाही, असं गावात म्हणतात. त्यांनी चौकात जाणं सोडलं, जेवण निम्म्यावर आलं. आपल्या हाताने आपण बापाला मारतोय, या विचाराने रुम्याना खचली. तिने मला पुसून टाकायचं ठरवलं.

"थांब," गेन्को म्हणाले. "हिच्यासाठी तू लिहिलेला मजकूर कागदावर काढून दे."

त्या भाषेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण मुद्रितं तपासायची सवय हाडात मुरलेली. ओळीवर बोट ठेवत ते वाचत गेले आणि एका जागी थांबले. "पोरी, बटणाला तू काम सांगून ठेवलंस, की तिथेच करून घेतलंस? या कामाच्या नावापुढे रिकामा कंस का?"

रुम्यानाने कपाळावर हात मारला. बटणाला कामाचं नुसतं नाव द्यायचं असतं. कंस लावला की काम तिथल्या तिथे उरकतं आणि बटणाच्या हाती काहीच उरत नाही. तिने कंस काढला. दुसऱ्या सकाळी छपाईयंत्र गप्प राहिलं. गेन्को दहा मिनिटं त्याच्यासमोर बसले, मग टोपी घालून चौकात गेले.

दुसरी चूक फोटोची. कागदावर तो नीट उमटे, पण माझ्या चौकटीत नुसती पांढरी पोकळी. फोटो आणणारं काम संपलं की त्याच्या हातातलं सुटायचं. दुसऱ्या कुणीच धरलेला नसल्यामुळे संगणक तो फोटो कचरा समजून झाडून टाकायचा. एका ओळीची दुरुस्ती होती.

"नको," गेन्को म्हणाले. "खिडकीत माझं तोंड दिसत नाही तोवर मी आहे."

शहाण्या माणसाचं हे खुळं बोलणं, पण रुम्यानाने ते मोडलं नाही. सहा वर्षं गिऱ्हाइकांचे फोटो ती कागदावरच तपासत राहिली. रोज सकाळी गेन्को खाली यायचे, माझ्यातला आपल्या नावाचा नमुना उघडायला लावायचे आणि विचारायचे, "नाही ना अजून?"

"नाही, बाबा."

"मग टाक कॉफी."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते खाली आले नाहीत. त्या दुपारी रुम्यानाने ती एक ओळ लिहिली आणि फोटो माझ्या हाती दिला. चौकटीत गेन्को आले. तेव्हा ती रडली.

आता तिच्याकडे नवा संगणक आहे. मला ती वर्षातून एकदाच, त्यांच्या दिवशी उघडते. पत्रक छापून होतं, तरी बंद करायला तिचा हात धजत नाही, कारण मी मिटले की माझेही हात सुटतात. मित्रांनो, जे राहावं असं वाटतं ते कुणाच्या तरी हाती द्या. नुसतं आणून ठेवलेलं राहत नाही.

त्या दिवशी ती दोन कप कॉफी टाकते आणि चौकटीकडे बघून विचारते, "आहात ना अजून?" मला बोलता येत नाही. मी त्यांना नुसती धरून ठेवते.