किल्ली फिरवल्यावर जरा थांबा

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीची थ्रॉटल बॉडी आहे. नाव अवघड असले तरी काम सोपे आहे. गाडीच्या बॉनेटखाली इंजिन असते. त्याला पेट्रोल लागते, तशी हवाही लागते. ती हवा माझ्यातून जाते. माझ्या मधोमध एक गोल चकती आहे. चालवणाऱ्याने पाय दाबला की ती उघडते, पाय उचलला की मिटते. मला इंजिनाचा घसा म्हणा हवे तर. दुखायला लागेपर्यंत घशाची आठवण कुणाला होत नाही, माझीही होत नाही.

वितळलेल्या अॅल्युमिनियमपासून माझा जन्म झाला. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला उजेडात धरले, चकती हळूच ढकलून पाहिली आणि पुढे पाठवले. त्यानंतर पुष्कळ वर्षे मी उजेड पाहिला नाही. बॉनेटखाली अंधारच असतो. पण ऐकू सगळे येते, आणि न दिसलेले मी आवाजावरून ओळखते.

ज्या घरी मी आले, तिथे नवरा, बायको आणि त्यांची लेक अशी तीन माणसे होती. लेक त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. गाडी आई चालवायच्या. बाबा शेजारी बसून रस्ता दाखवायचे, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असायचा.

आईंची एक सवय होती. त्या किल्ली अर्धी फिरवायच्या, डॅशबोर्डवरचे दिवे लागायचे, आणि मग त्या थांबायच्या. पर्स नीट ठेवायच्या, आरसा बघायच्या, पट्टा लावायच्या. पाय पायडलपासून लांब असायचे. मगच इंजिन सुरू करायच्या.

"अगं, विमान उडवायचंय का?" बाबा रोज म्हणायचे.

"तुम्ही उठल्या उठल्या पळत सुटता का? आधी चष्मा शोधत बसता. तिलाही जरा जागं होऊ दे."

"लोखंडाला कसली झोप आलीय?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

मित्रांनो, खरे सांगायचे तर आईंनाही ते कळत नव्हते. पण नेमके तेवढ्याच वेळात मी माझी चकती पूर्ण मिटून बघायची. कुठे मिटते, कुठून उघडते, हे गाडीच्या मेंदूला, म्हणजे तिच्यातल्या छोट्या संगणकाला कळवायची. मग इंजिन सुरू झाले की मांजर गुरगुरावे तसा एकसारखा आवाज यायचा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणायचा, "ताई, तुमची गाडी आली की आवाजावरूनच कळतं, मान वर करून बघावं लागत नाही." आईंना त्याचे फार कौतुक वाटायचे. मलाही वाटायचे, पण ते मी कुणाला सांगणार?

मग आई आजारी पडल्या. त्या दिवशी गाडी बाबांनी चालवली. आई मागच्या सीटवर लेकीच्या मांडीवर डोके ठेवून होत्या. त्यांचा श्वास मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होता. बाबांनी पाय दाबला आणि मी चकती उघडली, उघडता येईल तेवढी. इंजिनाला मी हवी तेवढी हवा दिली. त्यांना मात्र देता आली नाही. चार-पाच हातांच्या अंतरावर एक माणूस हवेसाठी तडफडत होता आणि हवेचेच काम करणारी मी तिथेच होते.

येताना गाडीत दोघेच होते.

त्यानंतर गाडी बरेच दिवस उभी राहिली. पुढे बाबा ती चालवू लागले. दूध, औषध, बँक, अशा जवळच्या जवळ फेऱ्या. बसले की किल्ली एका दमात फिरवायची आणि पाय दाबायचा. मेकॅनिककडे नेणे आईंचे काम होते, ते राहूनच गेले. माझ्या कडेकडेने काजळी साचली. चकती चिकटू लागली. गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडायची.

एकदा चौकात अशीच बंद पडली. मागे ट्रक होता आणि शेजारी लेक बसलेली होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, देऊन टाकू या आता. घेणारे गृहस्थ हो म्हणताहेत."

"मी साफ करतो. सगळं फोनवर दाखवतात हल्ली."

"तुम्ही? बाबा, तुम्हाला कुकरची रिंग बसवता येत नाही."

"ती वेगळी असते."

"बरं. आज नीट झाली तर ठेवू. नाही झाली तर मी त्यांना फोन करणार. चालेल?"

बाबा हो म्हणाले. पण त्यांच्या आवाजावरून मला कळले की ही गाडी गेली, तर त्यांच्या हाती काही उरणार नाही.

बॉनेट उघडले. बाबांनी हवेची नळी काढली, स्क्रू सोडवले आणि मला बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवले. किती वर्षांनी मी उजेड पाहिला. बाबांचाही चेहरा पाहिला. माझ्या मनात होता, त्यापेक्षा तो फार थकलेला होता.

त्यांनी साफ करायच्या द्रवाचा फवारा मारला आणि ब्रशने काजळी घासायला घेतली.

"बाबा, हा तुमचा रोजचा दात घासायचा ब्रश आहे," लेक म्हणाली. "पेल्यातला दुसरा घ्यायचा ना."

"तो तिचा आहे. असू दे."

लेक आत गेली. तिने आतून एक जुना बनियन आणून दिला. बाबांनी मला आतून बाहेरून पुसले. चकती अंगठ्याने जोरात ढकलली, तेव्हा मोडते की काय असे वाटले, पण वाचले. फोनमधला माणूस बोलतच होता. बाबांना वाटले, आता तो आभार मानणार, म्हणून त्यांनी फोन बंद केला. खरे महत्त्वाचे तो आता सांगणार होता. साफ केल्यावर किल्ली अर्धी फिरवून थांबा, पायडलला हात-पाय लावू नका. मी ओरडून सांगितले असते. पण मला फक्त हवेचा आवाज काढता येतो, तोही इंजिनात बसल्यावर.

मला पुन्हा जागेवर बसवले. बाबांनी किल्ली एका दमात फिरवली आणि पाय दाबला. इंजिन किंचाळले, खाली आले, पुन्हा किंचाळले आणि बंद पडले. माझी काजळी गेली होती, पण गाडीचा मेंदू अजून जुन्या हिशेबानेच चालला होता. बाबांनी पुन्हा केले. पुन्हा तेच झाले. जितका पाय दाबावा, तितकी मी गोंधळत होते.

"पुरे बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली. "आहे ती पण जाईल. मी फोन करते." ती आत गेली.

बाबा बसून राहिले. सीट अजून आईंच्या उंचीला होती, पुढे ओढलेली. बाबांनी ती कधी मागे सरकवली नव्हती. गुडघे दुखू लागले, म्हणून त्यांनी पाय उचलून दाराबाहेर टाकले. फवाऱ्याचा वास जावा म्हणून काचा खाली केल्या होत्या, त्या वर घ्यायला किल्ली अर्धी फिरवली. दिवे लागले. काचा वर गेल्या. पण किल्ली काढायचे त्यांना सुचलेच नाही.

आरशात बघत ते म्हणाले, "विमान उडवायचंय का?"



तेवढ्या वेळात मी चकती पूर्ण मिटली. उघडली. पुन्हा मिटली. मेंदूला कळवले.

बऱ्याच वेळाने त्यांनी पाय आत घेतले आणि किल्ली पुढे फिरवली. पाय दाबला नाही, तेवढे बळच नव्हते त्यांच्यात.

इंजिन सुरू झाले. मांजर गुरगुरावे तसा एकसारखा आवाज आला.

लेक फोन कानाला लावून दारात आली होती. तिने ऐकले आणि फोनवर म्हणाली, "काका, मी जरा नंतर बोलते." बाबांना हाताच्या पाठीने डोळे पुसताना बघून ती तिथेच पायरीवर बसली.

आता बाबा रोज किल्ली फिरवून थांबतात. त्याचे कारण त्यांना माहीत नाही. ते माझ्यासाठी थांबत नाहीत, हे मला माहीत आहे. इंजिन नीट चालले की ते शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणतात, "झाली बघ जागी."

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाच्या अशा सवयी असतील. त्यांची थट्टा खुशाल करा, पण एकदा विचारून घ्या, की हे तू का करतेस. आणि माझ्यासारख्या मुक्या वस्तूंची काजळी वेळेवर काढा. आम्हाला मागता येत नाही. मला तर त्या दिवशी, मागच्या सीटवरच्या आईंना, एक श्वासही देता आला नाही.