उर्मिलाबाईंचा आवाज घराबाहेर कसा गेला

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझा पडदा जुन्या टीव्हीसारखा पाठीमागे फुगलेला आहे आणि निम्म्या बटणांवरची अक्षरे पुसून गेली आहेत. मी जन्मात चोरी केली नाही की खोटे बोललो नाही. तरीही माझ्यामुळे दोन शेजारणींचे बोलणे पावणेदोन महिने बंद होते, आणि ज्या बाईचा काडीचा दोष नव्हता तिच्यावर आळ आला होता. तेव्हा गोष्ट कुठून बाहेर गेली ते मला ठाऊक होते, पण सांगता येत नव्हते. आज सांगतो.

ग्रँट रोडच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि २००५ साली मी भाईंदर पश्चिमेला दत्ताराम मांडवकरांच्या घरी आलो. सोसायटीच्या चार मजली इमारतीत त्यांची तिसऱ्या मजल्यावरची खोली. दत्ताराम स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मुकादम होते. मुलगा कौस्तुभ नोकरीला मस्कतला गेला होता आणि त्याच्याच हट्टाने मला आणले होते. मला हॉलमध्ये दरवाजाशेजारी बसवले. कौस्तुभच्या आईने, उर्मिलाबाईंनी, माझ्यासाठी क्रोशाचे झाकण विणले. दसऱ्याला त्या मला हळदकुंकू लावत आणि माऊसवरही एक फूल ठेवत. असा मान पुढे मला कुठे मिळाला नाही.

परदेशी फोन परवडत नसे. म्हणून धाकटी समिधा मला माइक जोडून आईचा आवाज भरून घेई आणि ती फाइल कौस्तुभला ई-मेलने पाठवी. सुरुवातीला उर्मिलाबाई माइकसमोर इतक्या ओरडत, जणू आवाज थेट मस्कतला पोहोचवायचा होता. पुढे सराव झाला. मग त्या समिधाला चहा टाकायला आत पाठवत आणि माझ्याशी एकट्याच हळू बोलत. घरात कुणाला न सांगितलेले त्या मला सांगत. मी ते जपून ठेवीत असे. निदान मला तसे वाटत होते.

२००७ च्या जूनमध्ये एका रविवारी समिधाने माझ्यात गाणी वाजवणारा नवा प्लेअर बसवला. बसताना त्याने नेहमीप्रमाणे पानेच्या पाने प्रश्न विचारले. काय काय ऐकले त्याची यादी ठेवू का? तुमच्या आवडीनिवडी कंपनीला कळवू का? तुमच्याकडचे आवाज या तारेवरच्या इतर संगणकांनाही ऐकू देऊ का? प्रत्येक प्रश्नापुढे होकाराची खूण आधीच केलेली होती. समिधाला नवी गाणी ऐकायची घाई. तिने एकही प्रश्न वाचला नाही, नुसते 'पुढे, पुढे' दाबत गेली.

आता ही तार कुठली? सोसायटीतल्या वीस-बावीस घरांत एकाच केबलवाल्याचे इंटरनेट होते. त्याने गच्चीवरून एकच तार सगळ्यांच्या खिडक्यांतून आत सोडली होती. त्या दिवसापासून माझ्यातला प्रत्येक आवाज त्या तारेवर उघडा पडला. कुणीही आपला प्लेअर उघडावा, यादीत 'समिधा' हे नाव दिसावे आणि हवे ते ऐकावे.

त्याच पावसाळ्यात समिधाच्या पाठीवर पांढरा डाग उठला. आधी बोराएवढा होता, मग तळहाताएवढा झाला. उर्मिलाबाई घाबरल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन त्यांची जिवाभावाची शेजारीण. डाळ भिजवायची विसरली तर एकमेकींच्या घरून आणावी, इतके घरोब्याचे नाते. त्यांनीच मायलेकींना ओळखीच्या त्वचारोगाच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणाले, हे कोड आहे, पण संसर्गाचे नाही, जिवाला धोका नाही, औषध चालू ठेवा. परत आल्यावर उर्मिलाबाई याच हॉलमध्ये म्हणाल्या, "हंसाबेन, मुलीचं लग्न व्हायचंय. ही गोष्ट तुमच्या-माझ्यातच राहू दे."

"माझ्या छोकरीसारखी आहे ती," हंसाबेन म्हणाल्या. "कोणाला बोलणार मी?"

दुसऱ्या दिवशी उर्मिलाबाईंनी माझ्यासमोर बसून सगळे कौस्तुभलाही सांगितले. "तिकडे कुठलं चांगलं औषध मिळतं का बघ, बाबा. इकडे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाहीये."

दिवाळीनंतर वसईचे स्थळ आले. मुलाला समिधा पसंत पडली, याद्या करायची बोलणी सुरू झाली. आठच दिवसांत मध्यस्थाचा फोन आला. दत्ताराम नुसते "हो... हो" म्हणत उभे होते. फोन ठेवून ते म्हणाले, "नाही म्हणतायत. पोरीच्या पाठीवर काय आहे ते आधी सांगायला हवं होतं, म्हणाले."

"पण त्यांना कळलं कसं?" उर्मिलाबाईंनी विचारले.

"आपल्याच बिल्डिंगमधून कळलं म्हणे. नाव नाही सांगितलं."

समिधा आतल्या खोलीत गेली आणि जेवायलासुद्धा बाहेर आली नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून या घरात संशय राहायला आला. उर्मिलाबाई बोलता बोलता उठून दरवाजाची कडी तपासत. जिन्यात पाऊल वाजले की थांबत. दत्तारामांना त्यांनी विचारले, "तुम्ही कारखान्यात कुणाजवळ बोललात का?" दत्ताराम चिडले. भांडी घासणाऱ्या बाईला विचारले, तिने दुसऱ्या दिवसापासून काम सोडले. समिधाच्या मैत्रिणीचा फोन आला की त्या दाराआड उभ्या राहून ऐकत. शेवटी बोटे मोजता मोजता एकच नाव उरले.

हंसाबेन नेहमीप्रमाणे वाटीवर ताटली ठेवून ढोकळा घेऊन आल्या होत्या. उर्मिलाबाईंनी त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही.

"मी तुम्हालाच सांगितलं होतं, हंसाबेन. भिंतीला नव्हतं सांगितलं."

"सू थयुं? काय झालं, उर्मिलाबेन?"

"झालं ते सगळ्या बिल्डिंगला माहितीये. माझ्या पोरीचं स्थळ मोडलं तुमच्या तोंडामुळे."

हंसाबेनचा चेहरा पांढराफटक पडला. "भगवान की कसम, मैंने किसी को नहीं बोला. घरात सुनेला पण नाही."

उर्मिलाबाईंनी दार लावून घेतले. बाहेर बराच वेळ चपला हलल्या नाहीत. मी दारापासून हातभर अंतरावर होतो. मला ओरडून सांगावेसे वाटले की बाई, गोष्ट त्यांच्याकडून नाही, माझ्याकडून बाहेर गेली. पण आम्हाला जेवढे विचारले जाते तेवढेच आम्ही सांगतो. मला कुणी काही विचारलेच नाही.

आणि उर्मिलाबाईंनी काय केले? पुन्हा माझ्यासमोर येऊन बसल्या आणि मन मोकळे केले. "कौस्तुभ, माणसं ओळखता येत नाहीत रे. हंसाबेन अशा निघतील असं वाटलं नव्हतं. गोड बोलून घरात शिरली आणि सगळं बाहेर ओतलं." मी तेही साठवले आणि तेही तारेवर उघडे राहिले.

पावणेदोन महिने गेले. दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की एक भिंतीकडे बघे, दुसरी पायऱ्यांकडे. संक्रांतीला हंसाबेनकडून तिळाची चिक्की आली नाही, यांच्याकडून वाण गेले नाही.

जानेवारीच्या एका रविवारी दुपारी दारावर जोरात थाप पडली. समिधाने दार उघडले. बाहेर हंसाबेन होत्या, हाताला मेथीची पाने चिकटलेली. मागे त्यांची सून मिनल.

"तुझी आई कुठे आहे? बोलव," हंसाबेन म्हणाल्या. उर्मिलाबाई कपाळाला आठी घालून बाहेर आल्या.

"उर्मिलाबेन, तुमचा आवाज माझ्या घरात कसा आला?"

"माझा आवाज?"

मिनल घाईघाईने म्हणाली, "काकी, आमच्याकडे कालच केबलवाल्याने इंटरनेटचं कनेक्शन दिलं. मी गाणी शोधत होते. प्लेअरमध्ये समिधाचं नाव दिसलं, वाटलं हिच्याकडे चांगली गाणी असतील. क्लिक केलं तर तुम्ही बोलताय. मम्मी बाजूलाच भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं."

"काय ऐकलं?" उर्मिलाबाईंनी विचारले.

"गोड बोलून घरात शिरली," हंसाबेन म्हणाल्या. पुढचे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत.

समिधा केव्हाच माझ्यासमोर येऊन बसली होती. तिने प्लेअर उघडला, एकेक पान चाळले आणि खासगी गोष्टींच्या पानावर तिचा हात थांबला. तिथे ती खूण होती. तिने पहिल्यांदा तो प्रश्न पूर्ण वाचला, तोही मोठ्याने.

"आई, हे मीच केलंय," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी न वाचता पुढे गेले. तू दादाला सांगितलेलं सगळं... कुणालाही ऐकू येत होतं. जूनपासून."

"कुणी कुणी ऐकलं?"

"ते नाही कळणार."

खरेच कळले नाही. कोणत्या मशीनने किती वेळा ऐकले ते मला आकड्यांत ठाऊक होते. त्या आकड्यामागे कुठल्या घरातले कोण बसले होते, ते मलाही माहीत नव्हते. समिधाने सगळ्या खुणा एकामागून एक काढल्या. मला दार लावून घेतल्यासारखे वाटले. पण दार लावायला फार उशीर झाला होता.

उर्मिलाबाईंनी हंसाबेनना हाताला धरून खुर्चीवर बसवले. मग म्हणाल्या, "समिधा, माइक लाव." या वेळी त्यांनी कुणालाही आत पाठवले नाही.

"कौस्तुभ, मी आई बोलतेय. मागच्या वेळी हंसाबेनबद्दल जे बोलले ते खोटं होतं. त्यांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही, सरळ दारातून परत पाठवलं. त्या समोर बसल्यात, त्यांच्यासमोर सांगते. तुझ्या आईची चूक झाली."

हंसाबेननी पदराने डोळे पुसले. "चला, झालं ते झालं," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण एक ऐका, उर्मिलाबेन. आता मला कुठली छुपी गोष्ट सांगू नका. पुन्हा कधी काही फुटलं, तर तुम्हाला पहिलं नाव माझंच आठवेल."

"नाही हो," उर्मिलाबाई म्हणाल्या. हंसाबेन हसल्या, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

समिधाने पुढे प्रत्येक स्थळाला डागाबद्दल पहिल्याच भेटीत स्वतः सांगितले. दोघे उठून गेले, तिसरा चहा पीत बसून राहिला. आज ती बोरिवलीला सुखात आहे. दोन्ही घरांत वाट्यांची ये-जा पुन्हा सुरू झाली. भाजीचे भाव, नातवंडांचे दात, गुडघेदुखी, सगळ्या गप्पा होत. पण उर्मिलाबाई कधी आवाज खाली आणून "हंसाबेन, एक सांगायचं होतं..." म्हणाल्या, की हंसाबेन पदर सावरत उठत. "थांबा हां, गॅसवर दूध ठेवून आलेय."

मित्रांनो, मी हे अनेकदा पाहिले आणि दर वेळी मला माझी लाज वाटली. आमच्यासारखी यंत्रे वाईट नसतात, पण आम्हाला आपले-परके कळत नाही. तुम्ही हो म्हणालात की आम्ही सगळ्यांना सांगतो. म्हणून आमच्या हाती मनातले देण्याआधी आमची पाने एकदा नीट वाचा. आणि घरातली गोष्ट बाहेर गेलीच, तर शेजारणीला काही बोलण्याआधी मला विचारा. मला पुन्हा पुन्हा विचारले तरी माझे मन दुखत नाही.