खुर्चीवरचा कोट

बँकेत जायला लागल्यापासून ठकीची मान धड वळतच नव्हती. इंटर्नशिप म्हणजे मोठमोठे व्यवहार शिकायला मिळणार, अशा थाटात ती उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्य कचेरीत दाखल झाली होती. शिकायला मिळालं काय, तर स्लाइडवरचा तक्ता डावीकडे सरकवायचा, निळ्याचा हिरवा करायचा, आणि संध्याकाळी साहेब म्हणाले की मुकाट्यानं पुन्हा निळा करायचा. घरी येईपर्यंत डोळे नुसते चुरचुरायचे.

त्यातून त्या विभागाची एक रीत होती. साहेब गेल्याशिवाय कुणी उठायचं नाही. साहेब काचेच्या केबिनमध्ये दिसले नाहीत, तरी त्यांचा करडा कोट खुर्चीच्या पाठीवर असायचा. "कोट आहे तोवर साहेब आहेत," शेजारच्या टेबलावरच्या सीनियरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "इथं नोकरी हवीय ना? मग बूड हलवायचं नाही." बिचारा स्वतः वर्षानुवर्षं बूड न हलवता त्याच खुर्चीत होता, तेवढं सांगायचं राहिलं.

ठकीला ती नोकरी अगदी मनापासून हवी होती. पण आज ताई निघणार होती. संध्याकाळची बस, पुढे विमान, मग परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी. दोन वर्षं तरी परत यायची नव्हती. आई गेल्यापासून ठकीच्या वेण्या घालण्यापासून परीक्षेच्या वेळी सोबत जागण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं होतं. आज ठकीच्या अंगावरचा स्वेटरसुद्धा तिचाच. "एसीत गारठतेस गं," म्हणत सकाळी तिनं बांधलेल्या बॅगेतून काढून दिला होता.

काम कधीच संपलं होतं. कोट काही जागचा हलेना.

"निघालीस का?" ताईचा फोन.

"निघतेच आहे."

फोन ठेवून ठकीनं सीनियरला हळूच म्हटलं, "मी साहेबांना विचारून येऊ का?"

"कुठं? वर मीटिंगमध्ये घुसणार? शेवटच्या आठवड्यात कशाला विषाची परीक्षा?"

ती बसली. संपलेली स्लाइड उघडून तक्ता उजवीकडे नेला, परत डावीकडे आणला. पुन्हा फोन.

"ठके, बस लागलीय. ड्रायव्हरकाकांना म्हटलंय, बहीण येतेय, जरा थांबा."

"आलेच, ताई."

बऱ्याच वेळानं सीनियरच्या टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते. पाठीमागं पोरांचा दंगा चाललेला. "अहो, उद्याची फाइल... काय? तुम्ही अजून तिथंच? मी दुपारीच घरी आलो की! कोट? लवकर निघालो की तो तिथंच असतो हो. मोठे साहेब फेरी मारतात ना, त्यांच्यासाठी ठेवतो."

ठकी जिवाच्या आकांतानं पळत सुटली. स्थानकात पोचली तेव्हा बसच्या जागी नुसता तेलाचा डाग होता. तिथल्याच बाकावर बसून ती हमसून हमसून रडली.

"रडतेस काय वेडे?" फोनवर ताई म्हणाली. "काम असतं माणसाला. आणि मी तर बसल्या बसल्या झोपलेच होते, तू आली असतीस तरी कळलं नसतं." थापाडी कुठली! बोलताना नाक चोंदलेलं होतं तिचं.

शेवटच्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "त्या संध्याकाळी तू बसून राहिलीस ना, ते मी लक्षात ठेवलं. अशीच माणसं हवीत आम्हाला. शिक्षण संपलं की ये, नोकरी पक्की."

ठकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तोंडातून काय निघावं? "थँक यू, सर." तिची तिलाच शिसारी आली.

पुढं ती रुजू झाली. पहिल्याच संध्याकाळी काम आटोपलं तसा तिनं ताईचा स्वेटर काढला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट घातला. सीनियर आ वासून बघत राहिला. ती सरळ बाहेर पडली आणि काही कारण नसताना स्थानकाकडे वळली. ताई गेली ती संध्याकाळची बस लागलेली होती, सुटायला अजून अवकाश होता. माणसं खिडकीपाशी उभी राहून निरोप घेत होती. वारा गार होता आणि स्वेटर तिकडे खुर्चीवर होता. आज ठकी वेळेवर आली होती, पण खिडकीत तिचं कुणी नव्हतं.