पोकळ तळवा

"आबा, चाला! महाराज यी गयात, अन् तुम्हनी कणीक अजून परातमाच?"

टाळकरी तोताराम ओट्याखालूनच ओरडला. सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. मृदंगाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक हिलाल आबांनी मळली होती, पण हात परातीतच थबकले होते. आत त्यांची सात वर्षांची नात कोकिळा खोकत होती. खोकला घशापर्यंत यायचा आणि रिकामाच परत जायचा.

मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, सिस्टिक फायब्रोसिस. छातीतला कफ डिंकासारखा चिकट, आपसूक सुटत नाही. धुळ्याच्या दवाखान्यातल्या बाईंनी आबांच्या सुनेला, कमलबाईला, शिकवून पाठवलं होतं. खाटेच्या पायगतीला विटा लावायच्या, डोकं खाली येईल असं पोरीला पालथं निजवायचं आणि पाठ थोपटत राहायची. रोज, दोन्ही वेळा. तो आवाज सुरू झाला की आबा देवळात जाऊन बसत.

काल कमलबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्युटीवर. डाव्या हाताने तिने करून पाहिलं, पण त्यात जोर नव्हता.

"आबा, आते तुम्हनाच हात शे," ती दाराशी येऊन म्हणाली.

"मन्हाघाई नही व्हवाव, माय. ज्या हातनी देवनी सेवा करस, तोच हात लेकवर टाकू?"

"मार नही शे हाई, आबा. तिना श्वास शे."

"तुम्ही नही ऊनात तर तो नवशिका निंबा बठी मृदंगवर," तोताराम म्हणाला. "मंग महाराजच पळी जातीन!"

आबांनी दारातून आत पाहिलं. कोकिळाच्या ओठांवर जांभळट छटा आली होती. कीर्तन म्हटलं की तहानभूक विसरणारे आबा हात धुऊन उठले.

"निंबाले बसाड," ते म्हणाले.

पोरीच्या पाठीवर पहिलीच थाप मोकळी, सपाट पडली. कोकिळा कळवळली. "आबा, लागस ना!"

"तळवा पसरू नका," कमलबाई म्हणाली. "पोकळ ठेवा. मझार हवा राह्यनी पाहिजे."

आबांनी बोटं मिटून तळवा वाटीसारखा केला. आवाज बदलला. घुमला. पोरीचे खांदे सैल पडले.

तेवढ्यात देवळाचा भोंगा सुरू झाला. अभंग उभा राहिला, निंबाचा हात चाचपडत सुरू झाला आणि मग टाळांनी सगळ्यांना ओढून घेतलं. लय चढू लागली. लय चढली आणि आपला हात मागे राहिला, असं आबांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. इथेही तो चढला. डोळे मिटले गेले.

"आबा! थांबा!" कमलबाई किंचाळली. "कफ वर ऊना तिना, तिले खोकू द्या ना!"

आबांनी डोळे उघडले. पोरीचा चेहरा काळानिळा पडला होता. कफ वर आला होता आणि खोकायला उसंतच मिळाली नव्हती. त्यांनी तिला उचलून बसवलं. क्षणभर काहीच नाही. मग छातीतून घरघर आली, एक खोल खोकला, आणि हिरवट गोळा वाटीत पडला. तिने श्वास ओढला.

"अजून शे का व माय?"

कोकिळाने मान डोलावली. अजून होता.

आबांनी तिला परत निजवलं आणि खिडकीशी गेले. भोंग्यातून महाराजांचा आवाज भरून येत होता; गोपाळांची शिदोरी सुटायची वेळ झाली होती. आबांनी खिडकीकडे हात जोडले आणि दोन्ही फळ्या लोटून कडी घातली.

मग त्यांनी कोकिळाच्या पाठीला कान लावला. ऐकलं. थोडं थोपटलं, थांबले, पुन्हा ऐकलं.

ओट्यावर परातीतली कणीक सुकून तिला तडे जात होते. आत पोरीच्या खोकल्याची वाट पाहत आबांचा पोकळ तळवा हवेतच थांबला होता.