फॅक्सच्या तारेवरचा स्वयंपाकघरातला फोन

मित्रांनो, मी एक जुना, तपकिरी एक्स्टेन्शन फोन आहे. एक्स्टेन्शन म्हणजे जोडीचा. पारगावात रामनाथभाऊंचं खतांचं दुकान. पुढं दुकानात फॅक्स मशीन, मागं स्वयंपाकघरात, फडताळाशेजारी मी. नंबर एकच. घंटी वाजली की माझी घालमेल व्हायची. ही हाक मला, की त्याला?

मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पाट फोडून दोन वाफ्यांना पाणी द्यावं, तसे भाऊंनी खांबावरून आलेल्या तारेला दोन फाटे काढले होते. पाणी वाटलं जातं, बोलणं वाटलं जात नाही, हे त्यांना तरी कुठं ठाऊक?

भाऊंच्या बायकोचा, धोंडाबाईचा, एक नेम होता. दारात आलेला माणूस आणि वाजणारा फोन ताटकळत ठेवायचा नाही. पिठाच्या हातानं ती मला उचलायची. पलीकडून किरटा, लांबलेला फॅक्सचा सूर यायचा. दुसऱ्या कुणी मला आदळलं असतं. धोंडाबाईला वाटायचं, कुणी सासुरवाशीण रडतेय.

"रडू नको गं बाये. कुणाची तू? सांग तरी काय झालं."

ती समजूत घालत राही आणि पुढं मशीन मुकं बसे.

एके दिवशी तिच्या लेकीच्या, आरतीच्या, नोकरीचं पत्र यायचं होतं. पुण्याच्या एका दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. टपालातलं पत्र गहाळ झालं, म्हणून ते फॅक्सनं येणार होतं. चारच्या आत सही करून परत धाडायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. दुपारपासून दोनदा घंटी वाजली. दोन्ही वेळा धोंडाबाईनं मला उचललं.

"आई, परत उचललास तू?"

"मग काय वाजत ठिवू? लई रडत व्हती गं ती."

"ती बाई न्हाई. माझं पत्र हाय ते."

"पत्र रडतं व्हय?"

मी पार गोंधळलो. निरोप पोचवणं माझं काम आणि मीच वाट अडवून बसलो होतो.

भाऊंनी घाईनं वायरमन अरफातला बोलावलं. जोडणी बघून तो हसला. "भाऊ, ही तार हाय, पाट न्हाई." त्यानं तार आधी मशीनला दिली आणि मशीनच्या पाठीतून मला. मग म्हणाला, "काकू, तुमी आधी उचलला अन् तो आवाज आला, तर चांदणीचं बटण दाबा, मग पाच, मग एक. अन् ठिवून द्या. म्होरं मशीन कागद घेतं."

"अन् खरंच कुणी रडत आसलं तर?"

अरफात म्हणाला, "रडणारं माणूस मधी श्वास घेतं, काकू. हे घेत न्हाई."

पावणेचारला घंटी वाजली. सवयीनं मी धोंडाबाईच्या कानाला. ती आपला श्वास रोखून ऐकत राहिली. मग चांदणी, पाच, एक. तिनं मला अलगद ठेवलं. पुढून कागद सरकल्याची सरसर आली आणि पाठोपाठ आरतीचा आवाज, "आलं गं."

सही केलेलं पत्र चारच्या आत परत गेलं. काही दिवसांनी पुण्याला निघालेली आरती उंबऱ्यातून परत आत आली. तिनं मला उचलून कानाला लावलं. पलीकडं कुणीच नव्हतं, तरी ती तशीच ऐकत उभी राहिली. ती काय ऐकत होती, मला आजवर उमगलेलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना विचारता येत नाही. म्हणून तार जोडण्याआधी तुम्हीच जाणत्याला विचारा. आणि कुणी आम्हाला नुसतंच कानाशी धरून उभं राहिलं, तर राहू द्या.